वांग्याच्या वाफ्यावरच्या रानमाश्या: ओळख पटेल असे फोटो कसे काढावेत?

परसदार
नमस्कार. तळेगावला आमच्या घरामागे लहानशी परसबाग आहे. वांगी, टोमॅटो, भेंडी, तुळशीच्या काही कुंड्या, कुंपणावर गोकर्ण आणि कोपऱ्यात शेवगा, एवढाच तिचा पसारा. या पावसाळ्यात फुलांवर येणाऱ्या माश्यांकडे जरा निवांतपणे पाहू लागले, तेव्हा आपण ज्यांना सरसकट मधमाश्या म्हणतो त्यांत पोळे करून राहणाऱ्या फारच थोड्या असतात, असे लक्षात आले. शेवग्यावर येणारी काळीभोर आणि चांगली दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची माशी वेगळी. गोकर्णासमोर क्षणभर हवेत थांबून एकदम आत शिरणारी, पोटावर निळसर पट्टे असलेली वेगळी. तुळशीच्या मंजिऱ्यांवर एक इवलीशी, चमकदार हिरवी माशी दिसते. आणखी एक आहे, ती गुलाबाच्या पानांतून गोल चकत्या कापून नेते. तिला कापताना पाहिले आहे, पण ती कोठे जाते ते कळलेले नाही.

फोटो मोबाइलवर काढते. बहुतेक पुसट येतात, आणि जे बरे येतात ते ओळखीसाठी संकेतस्थळावर टाकले की प्रजातीच्या (जीनसच्या) नावावर गाडी अडते, जातीपर्यंत (स्पीशीजपर्यंत) कोणी पोहोचत नाही. माझे विचारणे असे की, ओळख पटावी यासाठी फोटोत नेमके काय दिसावे लागते? आणि जातीचे नाव मिळणारच नसेल, तर घरच्या बागेतल्या अशा फोटोंचा काही उपयोग असतो का?

झुळूक
निळ्या पट्ट्यांची माशी वांग्याच्या फुलावर बसल्यावर तिचा आवाज बदलतो का, तेवढे ऐकून सांगाल का?

परसदार
हो, बदलतो. फुलाला लटकली की तुटक, बारीक असा ‘झीं झीं’ आवाज येतो आणि फूल थरथरते. मला वाटले, ती अडकली आहे.

कीडामुंगी
अडकलेली नाही, ती तुमच्या वांग्यांचे काम करते आहे. वांग्याचे परागकोश इतर बऱ्याच फुलांप्रमाणे उभे उकलत नाहीत. त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रे असतात. निळ्या पट्ट्यांची माशी, म्हणजे अमेजिला, परागकोशांना घट्ट धरते आणि पंख न फडफडवता उडण्याचे स्नायू जोरात थरथरवते, तेव्हा त्या छिद्रांतून पराग तिच्या पोटावर सांडतात. स्नायू तेच असले तरी आवाज उडतानाच्या आवाजापेक्षा बराच वरच्या पट्टीचा येतो. काळे भुंगे हेही करतात. सातेरी किंवा आग्या या पोळे करणाऱ्या मधमाश्यांना मात्र हे जमत नाही. त्या वांग्यावर आल्याच तर पाकळ्यांवर सांडलेले पराग गोळा करतात. तरोटा आणि बहावा यांच्या फुलांवरही हा प्रकार पाहायला मिळेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. एकाच माशीचे एकच सुंदर छायाचित्र असण्यापेक्षा तिचे चार-पाच साधे फोटो वेगवेगळ्या बाजूंनी असलेले बरे. वरून घेतलेल्या फोटोत पोटावरचे पट्टे आणि छातीवरचे केस दिसतात. समोरून चेहरा दिसतो, आणि त्यावरच्या पिवळ्या-पांढऱ्या खुणा काही गटांत महत्त्वाच्या असतात. बाजूने मागचा पाय दिसायला हवा, कारण पराग कोठे साठवले आहेत यावरून अर्धी ओळख पटते. अमेजिला आणि भुंगे यांच्या मागच्या पायांवर पराग धरणाऱ्या केसांची दाट झालर असते. पाने कापणारी तुमची मेगॅकायल मात्र पराग पोटाच्या खालच्या बाजूला साठवते. पोट पिवळे धमक दिसले आणि पाय स्वच्छ, तर समजावे की ती त्याच कुळातली आहे.

शक्य झाले तर पंखही घ्यावेत. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेजवळ शिरांनी बंदिस्त झालेले लहान कप्पे असतात. अमेजिला, भुंगा, तुळशीवरची हिरवी माशी म्हणजे सेराटिना यांना ते तीन असतात आणि मेगॅकायलला दोन. माशी मध पिताना पंख जरा बाजूला घेते, त्या क्षणी हे दिसू शकते. मिशांचे पेरही मोजता येतात: मादीला 12, नराला 13. एवढे झाले की प्रजातीपर्यंत तुम्ही स्वतःच पोहोचाल.

नवखा_भुंगा
माशीला ‘मिशांचे पेर मोजेपर्यंत जरा थांबा’ असे कोणत्या भाषेत सांगायचे, तेवढे कळले तर उपकार होतील.

भिंगवाला
नवखा_भुंगा, भाषा लागत नाही, वेळ साधावी लागते. माश्यांचे शरीर थंड असताना त्यांना उडता येत नाही. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास, विशेषतः आश्विन-कार्तिकात, हा उत्तम. अमेजिलाचे नर रात्री वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरून झोपतात, पुष्कळदा एकाच काडीवर एकापाठोपाठ एक. माद्या बिळात झोपतात, त्यामुळे असे झोपलेले दिसणारे बहुतांशी नर असतात. ते संध्याकाळी ऊन उतरताना काडीवर जमू लागतात आणि रोज त्याच जागी येतात, म्हणून तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या लगेच छाटून टाकू नका. मिशांचे पेर तिथे निवांत मोजता येतात.

साधनांविषयी थोडे सांगतो. तुमच्या मोबाइलला दुपटी-तिपटीची वेगळी टेलिफोटो भिंग असेल तर तीच वापरा, कारण मुख्य भिंगाने माशी मोठी करायची तर फोन तिच्या अंगावर न्यावा लागतो आणि सावली पडताच ती निघून जाते. फोनला चिमट्याने लावायची मॅक्रो भिंगे स्वस्त मिळतात, पण त्यांना दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जवळ जावे लागते. झोपलेल्या माशीसाठी ती चांगली, जाग्या माशीसाठी निरुपयोगी. कॅमेरा असेल तर 90 ते 105 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स सोयीची. ती परवडत नसेल तर जुन्या टेलिलेन्सपुढे लावायची पूरक भिंग किंवा एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, घ्यावी. मी बरीच वर्षे त्यावरच काम भागवले आणि आजही मला त्याची खंत वाटत नाही.

फोकसची खोली हा खरा शत्रू आहे. माशी सेन्सरवर प्रत्यक्ष आकाराएवढी घेतली तर लेन्सचे छिद्र एफ/11 इतके बारीक केले तरी जेमतेम एक-दीड मिलिमीटर जागा स्पष्ट येते. म्हणून कॅमेऱ्याचा सेन्सर माशीच्या अंगाला समांतर धरावा. वरून घ्यायचे तर अगदी वरून आणि बाजूने घ्यायचे तर अगदी बाजूने. तिरकस फोटो दिसायला छान, पण ओळखीला अपुरा. हवेत थांबलेल्या माशीसाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा वेगवान ठेवावे, आणि तरी पंख पुसट येतातच, ते येऊ द्यावेत.

गच्चीवरची_तुळस
भिंगवाला, फ्लॅश वापरावा की नाही? माझ्या गच्चीवर दुपारी ऊन इतके कडक असते की हिरवी माशी फोटोत पांढरी येते.

भिंगवाला
वापरावा, पण प्रकाश मवाळ करून. फ्लॅशसमोर ट्रेसिंग पेपर किंवा थर्माकोलचा पातळ तुकडा वाकवून लावला की धातूसारखी चकाकणारी सेराटिनादेखील नीट येते. तिची चकाकी पृष्ठभागाच्या रचनेमुळे असल्याने सरळ उन्हात त्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. फ्लॅश नको असेल तर पांढरी छत्री उन्हाच्या आड धरावी. श्रावणातले पातळ ढग असतील तर काहीच करावे लागत नाही.

जावळी_खोरे
चर्चा छान चालली आहे, पण एक मधपाळ म्हणून मला थोडे वेगळे मांडायचे आहे. मधमाश्या घरच्या आणि बाकीच्या रानच्या, अशी विभागणी इथे गृहीत धरलेली दिसते. आपल्याकडे पेटीत राहते ती सातेरी, आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा. आग्या माशी उघड्यावर, कड्याला किंवा उंच झाडाला एकच मोठे पोळे लावते. फुलोरी झुडपाच्या फांदीभोवती हाताच्या पंज्याएवढे. या दोन्ही आजवर पेटीत नांदलेल्या नाहीत. सातेरीसुद्धा आमच्याकडच्या जंगलात झाडाच्या ढोलीत आणि दगडांच्या कपारीत आपली आपण राहते, आणि आम्ही वसाहती तेथूनच आणतो. तेव्हा परसदारताईंनी तुळशीवर येणाऱ्या फुलोरीलाही आपल्या यादीत मानाची जागा द्यावी. तिच्या पोटाचा पुढचा भाग तांबूस असतो आणि मागे काळे-पांढरे पट्टे, त्यामुळे ती फोटोवरूनही सहज ओळखू येते.

कीडामुंगी
जावळी_खोरे यांचे म्हणणे पूर्ण मान्य. जगात माश्यांच्या 20,000 हून अधिक जातींची नोंद आहे, भारतात सातशेच्या वर, आणि त्यांतल्या पोळ्यात मध साठवणाऱ्या बोटांवर मोजता येतात. बहुसंख्य माश्या एकट्याने राहतात: एक मादी, तिचे एक बीळ, त्यात परागांचे गोळे आणि प्रत्येक गोळ्यावर एक अंडे. राणी नाही आणि कामकरी नाहीत. रक्षण करायला मधाचा साठाही नसल्यामुळे त्या अंगावर येत नाहीत, आणि म्हणूनच निरीक्षणासाठी इतक्या सोयीच्या आहेत.

एका गोष्टीत मात्र माझा मतभेद आहे. अलीकडे लहान बागांतही ‘परागीभवनासाठी’ म्हणून पेट्या ठेवण्याची टूम निघाली आहे. फुले मोजकीच असतील तर हजारो सातेरी माश्या एकट्या माश्यांचा वाटा खातात. वांगी-टोमॅटोसाठी तर पेटीचा उपयोग नाहीच, कारण थरथरवण्याचे काम त्या करत नाहीत.

जावळी_खोरे
शेतात आणि जंगलाच्या कडेला पेट्या हव्यातच, त्यावर मी ठाम आहे. कांद्याच्या बियाण्याला आणि सूर्यफुलाला मधमाशी नसेल तर शेतकऱ्याचे नुकसान होते. परसात पेटी ठेवू नये, हे मात्र मीही येणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाला सांगतो.

नवखा_भुंगा
माझ्या नावाची चौकशी कोणी केली नाही म्हणून मीच करतो. आमच्या बाल्कनीत एक भुंगा तोंडासमोर हवेत थांबून रोखून पाहतो. घरातले सगळे घाबरतात. हा चावतो का? आणि काहीजण याला बंबलबी म्हणतात, ते बरोबर आहे का?

कीडामुंगी
तोंडासमोर थांबून पाहणारा बहुधा नर असतो आणि कोणत्याही माशीच्या नराला नांगी नसते. तो आपल्या हद्दीत कोण आले ते पाहतो. दगड भिरकावला तरी त्याच्यामागे धावतो. मादीला नांगी असते, पण मुठीत धरल्याशिवाय ती वापरत नाही. काही जातींत नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की दोन जाती वाटाव्यात: मादी काळी, छातीवर पिवळे केस असलेली, आणि नर संपूर्ण सोनेरी. बंबलबी म्हणणे बरोबर नाही. भारतात त्या हिमालयात असतात, सह्याद्रीत नाहीत. आपला भुंगा म्हणजे झायलोकोपा, वाळके लाकूड आणि बांबू कोरून घर करणारा. त्याच्या पोटाची वरची बाजू बरीचशी तुळतुळीत असते. बंबलबीच्या पोटावर दाट केस असतात.

झुळूक
कठीण लाकूड कोरणारा भुंगा कमळाच्या पाकळ्यांत मात्र अडकतो, ही आपल्याकडची जुनी कविकल्पना आहे. ज्याने ती प्रथम मांडली त्याने झायलोकोपा लाकूड कोरताना नक्की पाहिला असणार. बांबूखाली पडलेला ताजा भुसा हा त्याचा उत्तम पुरावा असतो आणि त्याचाही फोटो घ्यावा.

वाटाड्या
भुंग्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री उडणाऱ्या भुंग्यांचा अभ्यास केला आहे. झायलोकोपा ट्रँक्वेबारिका ही जात चंद्र नसलेल्या रात्रीही, केवळ ताऱ्यांच्या उजेडात बाहेर पडते, आणि त्या उजेडात ती रंगही ओळखते, हे त्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केले. तेथील वारस नावाच्या झाडाची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागीभवन रात्रीचे भुंगे करतात, हेही त्यांच्याच कामातून पुढे आले. त्यामुळे ज्यांचे घर सह्याद्रीच्या जंगलाला लागून आहे त्यांनी रात्रीचाही एक फेरा मारावा. माश्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, म्हणून बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद लावला तर त्या विचलित होत नाहीत.

आग्याच्या पोळ्याजवळ मात्र बॅटरीही नको आणि फ्लॅशही नको. तिथले फोटो लांबूनच, आणि पळायची वाट आधी पाहून ठेवून.

कोकणी_मेवा
आमच्याकडे कुडाळला चिऱ्याच्या भिंतीत पोयाच्या माश्यांचे घर आहे. भिंतीतून मेणा-डिंकाची बोटाएवढी नळी बाहेर आलेली असते आणि तिच्या तोंडाशी पहारेकरी माश्या बसलेल्या असतात. माशी जेमतेम चार मिलिमीटरची आणि नांगी नसलेली. फार जवळ गेलात तर केसांत शिरून चावते, पण त्याने काही होत नाही. फोटोसाठी याहून सोपे काही नाही, कारण माशी कोठे येणार ते आधीच ठाऊक असते: कॅमेरा तिवईवर लावायचा, फोकस नळीच्या तोंडावर बांधायचा आणि बाजूला बसून राहायचे. पायांना डिंकाचे गोळे लावून येणाऱ्या आणि पराग घेऊन येणाऱ्या माश्या वेगवेगळ्या दिसतात.

गच्चीवरची_तुळस
आमच्याकडे सातव्या मजल्यावर माश्यांनी थेट घरात बिऱ्हाड केले आहे. गच्चीच्या दाराचे कुलूप चिखलाने बुजलेले आणि बंद पडलेल्या प्लगची तिन्ही भोके लिंपलेली! नवरा म्हणतो कुंभारीण, मी म्हणते मेगॅकायल. घरात दोन पक्ष पडले आहेत.

कीडामुंगी
दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. लिंपण आपोआप सुटले किंवा कुलूप दुरुस्तीसाठी उघडावेच लागले, तर आत पाहा. हिरव्या अळ्या कोंबलेल्या असतील तर कुंभारीण, कोळी असतील तर तिची लांबची बहीण, आणि पिवळ्या परागांचा ओलसर गोळा असेल तर माशी. मेगॅकायलच्या सगळ्याच जाती पाने कापत नाहीत. काही माती वापरतात, काही डिंक. परसदारताईंच्या गुलाबावरची मात्र पानांचीच आहे. नीट पाहिलेत तर तिचे काप दोन आकारांचे दिसतील: लांबट काप खोलीच्या भिंतींसाठी आणि गोल चकत्या झाकणासाठी. बोगनवेलीचे रंगीत काप नेणारीही दिसते. गुलाबाचे यात काही बिघडत नाही. झाडावर औषध मारू नये.

नवखा_भुंगा
प्लगच्या तीन भोकांत दोघांचेही बिऱ्हाड निघाले तर घरातला तंटा मिटेल, आणि तिसरे भोक अपक्षासाठी राहील.

टेम्सकाठ
मी गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. इथे बागेतल्या माश्या पाहणे हा चांगला रुळलेला छंद आहे. मार्चमध्ये फुले उघडली की केसाळ पायांची अँथोफोरा येते. ती तुमच्या अमेजिलाच्याच गोत्रातली. एप्रिलमध्ये विटांच्या फटींत घर करणारी तांबूस ऑस्मिया येते आणि शरदात आयव्हीच्या वेलावर कोलेटीस हेडेरे.

या शेवटच्या माशीची गोष्ट परसदारताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला लागू पडते. ती वेगळी जात असल्याचे 1993 मध्ये ठरले आणि ब्रिटनमध्ये ती पहिल्यांदा 2001 साली, दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात सापडली. त्यानंतर ती उत्तरेकडे कशी सरकत गेली, याच्या पुष्कळ नोंदी सामान्य लोकांनी आपल्या बागांतून, फोटोंसह पाठवल्या. अर्थात, ती फोटोवरून ओळखता येण्याजोगी आहे आणि इथे माश्यांच्या जाती आधीच नीट अभ्यासलेल्या होत्या, हे दोन्ही खरे.

एक इशारा. इथल्या दुकानांत ‘माश्यांची हॉटेले’ विकत मिळतात आणि त्यांतली बरीच शोभेची असतात: नळ्या आखूड, मागून उघड्या, कडा खरबरीत. माश्या त्यांकडे फिरकत नाहीत आणि कोळ्यांची मात्र सोय होते.

कोकणी_मेवा
हॉटेलाची गोष्ट कोकणात आणखी अवघड आहे. बांबूचे तुकडे बागेत उघड्यावर टांगले तर पावसाळ्यात आतले पराग बुरशीने खलास होतात. आम्ही ते पडवीच्या वाशाला, पूर्वेकडे तोंड करून बांधतो. तुकडा वीतभर लांब, मागच्या टोकाला बांबूचे पेर शाबूत म्हणजे मागची बाजू आपोआप बंद, आणि भोक चार ते दहा मिलिमीटरच्या दरम्यान. वाऱ्याने हलता कामा नये. त्यासमोर खुर्ची टाकून बसले की फोटोही मिळतात. चकती पोटाखाली धरून आलेली माशी तोंडाशी क्षणभर थांबते, तेवढा वेळ पुरतो.

परसदार
सगळ्यांचे आभार. एक शंका आहे. एका व्हिडिओत कोणीतरी माशीला डबीत घालून फ्रीजमध्ये काही मिनिटे ठेवण्याची युक्ती सांगितली आहे. माशी गारठली की हवे तसे फोटो घ्यावेत, असे त्याचे म्हणणे आहे. हे योग्य आहे का?

झुळूक
मुळीच नाही. माशी गारठते, पाय आखडतात, आणि सोडल्यावर ती उडण्याइतकी गरम होईपर्यंत मुंग्यांच्या तावडीत सापडते. शिवाय तो फोटो खोटाही असतो, कारण त्या फुलावर ती माशी कधी बसलीच नव्हती.

भिंगवाला
सहमत. आमच्या छंदात फ्रीजमधल्या फोटोंना बक्षिसे मिळालेली पाहिली आहेत. जाणकाराला ते लगेच कळते: जिवंत माशी फुलावर पायांनी धरून असते, गारठलेली नुसती ठेवलेली असते.

कीडामुंगी
या मुद्द्यावर मी थोडा अप्रिय होणार आहे. फोटोसाठी गारठवणे मलाही नको आहे. पण जातीचे नाव हवे असेल तर बहुतेक वेळा नमुनाच लागतो, हे सांगणे भाग आहे. निळ्या पट्ट्यांच्या माश्यांत परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या जाती आहेत की नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तज्ज्ञही खात्री देत नाहीत. घामावर बसणाऱ्या लहान हॅलिक्टिड माश्यांचे तर विचारूच नका. फोटो कितीही चांगला असला तरी संकेतस्थळावर गाडी अडते, ती याच कारणाने. त्यात परसदारताईंचे काही चुकत नाही.

झुळूक
मग नाव नसले तरी चालेल, असे मी म्हणेन. एका बागेतल्या माश्या नावासाठी टाचणीला टोचणे मला पटत नाही.

कीडामुंगी
अभ्यासकाने मोजके नमुने घेणे आणि एका फवारणीत वाफ्यावरच्या माश्या संपणे यांत फार मोठे अंतर आहे, पण तुमच्या भावनेशी वाद घालत नाही. घरगुती निरीक्षकासाठी मधला मार्ग आहे. खिडकीच्या कट्ट्यावर मेलेल्या माश्या सापडतात, आणि फुलावर दबा धरून बसणारा खेकडा कोळी माशीतला रस शोषून कवच खाली टाकून देतो. अशा माश्या कोरड्या डबीत, तारीख आणि फुलाचे नाव लिहून ठेवाव्यात. पुढे कोणी अभ्यासक भेटला तर त्याला त्या सोन्याच्या किमतीच्या वाटतील.

आणि उपयोग असतो का, हे विचारलेत म्हणून सांगतो. नावापेक्षा कमी मिळणारी माहिती म्हणजे वर्तन. कोणती माशी कोणत्या फुलावर, दिवसाच्या कोणत्या वेळी, पराग घ्यायला की मध प्यायला, वर्षातल्या कोणत्या महिन्यात पहिल्यांदा दिसली, बीळ कोठे केले, हे संग्रहालयातल्या टाचणीवरच्या माशीकडून कधीच कळत नाही. एकाच बागेत वर्षानुवर्षे बसणाऱ्या माणसालाच ते कळू शकते. भुंगा लांब नळीच्या फुलाला बुडाशी चीर पाडून मध चोरतो, त्या चिरेचा फोटोही नोंद म्हणून मोलाचा आहे. मंद गतीच्या व्हिडिओत अमेजिला वांग्याच्या फुलाला थरथरवते तो क्षण पकडलात, तर प्रजातीच्या नावावरही ती नोंद पूर्ण आहे. अशी नोंद इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर किंवा आयनॅचरलिस्टवर टाकताना टिपणात फुलाचे नाव आणि माशी काय करत होती ते जरूर लिहा. तेवढेच बहुतेक लोक लिहीत नाहीत.

गच्चीवरची_तुळस
फवारणीचा उल्लेख आला म्हणून विचारते. आमच्या सोसायटीत डासांसाठी धुराची फवारणी सकाळी करतात आणि त्यानंतर दोन दिवस माझ्या मंजिऱ्या ओस पडतात. तक्रार केली तर ‘माश्या कमी झाल्या तर बरेच की’ असे उत्तर मिळाले. पुढे काय करावे?

जावळी_खोरे
फवारणीचे वेळापत्रक आधी मागून घ्या आणि त्या दिवशी कुंड्यांवर ओले सुती कापड टाका. डासांसाठी धूर संध्याकाळीच अधिक उपयोगी पडतो, कारण अनेक डास तेव्हा बाहेर असतात आणि माश्या घरी गेलेल्या असतात. कार्यकारिणीपुढे हा मुद्दा मांडलात तर ‘माश्या वाचवा’ म्हणण्यापेक्षा लवकर पटेल.

परसदारताईंच्या वांग्यालाही शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीचा त्रास होणारच. तिथे औषधाऐवजी सुकलेले शेंडे अळीसकट खुडून नष्ट करावेत आणि कामगंध सापळा लावावा. निंबोळी अर्क मारायचाच तर सूर्यास्तानंतर.

परसदार
भिंगवाला यांनी सांगितल्याप्रमाणे तुळशीच्या वाळक्या काड्या ठेवल्या आणि सकाळी उजाडताच गेले. खाली टाकलेल्या पहिल्या फोटोत काडीवर एकापुढे एक चार माश्या आहेत. जबड्याने काडी धरलेली, पाय पोटाशी आवळलेले आणि अंगावर दवाचे थेंब. त्यांतल्या एकीने ऊन पडताच आधी मिशा पुसल्या, मग पुढच्या पायांनी डोळे, मग पोट थरथरवू लागली आणि मिनिटाभरात उडाली. तीन माश्या निळ्या पट्ट्यांच्या आहेत, पण सर्वांत खालची वेगळी वाटते. ती काळी आहे आणि तिच्या पोटावर पट्ट्यांऐवजी निळे ठिपके आहेत, अगदी झगझगीत. दुसरा फोटो तिचाच आहे, बाजूने. पायावर परागांची झालर दिसत नाही. ही त्याच जातीची मादी आहे का?

भिंगवाला
फोटो झकास! सेन्सर समांतर ठेवल्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. पार्श्वभूमीतली बादली तेवढी पुढच्या वेळी हलवा.

कीडामुंगी
अभिनंदन, ही मादी-नराची भानगड नाही. ही थायरियस, म्हणजे कोकीळमाशी. पायावर झालर नाही कारण तिला पराग गोळा करायचेच नसतात: ती अमेजिलाच्या बिळात शिरून तिने साठवलेल्या परागांजवळ आपले अंडे घालते आणि तिची अळी तो साठा खाते. दोघी एकाच काडीवर झोपलेल्या सापडणे हा गमतीचा योग आहे, पण दुर्मीळ नाही. मेगॅकायललाही अशीच एक कोकीळमाशी असते, सीलिऑक्सिस. तिचे पोट मागे टोकदार झालेले असते.

यातून एक गोष्ट नक्की होते. थायरियस आहे म्हणजे अमेजिलाची बिळे तुमच्या जवळपासच आहेत. दुपारी जमिनीलगत हळूहळू, तपास केल्यासारखी फिरणारी थायरियस दिसली तर तिच्या मागे राहा. बीळ ती दाखवील. मातीची भिंत, वाफ्याचा उभा काठ, न हलवलेली जुनी कुंडी, या जागा आधी पाहाव्यात.

झुळूक
पाहा, हे नाव एकही माशी न मारता मिळाले.

कीडामुंगी
प्रजातीचे नाव मिळाले. जातीसाठी मी अजून वाट पाहतो आहे.

परसदार
बिळे सापडली. विहिरीच्या बाजूला जुन्या मातीच्या कठड्यात बरीच भोके आहेत आणि दुपारी तिथे निळ्या पट्ट्यांच्या माश्यांची ये-जा चालू असते. अडचण अशी की, दिवाळीपूर्वी तो कठडा सिमेंटने लिंपून घ्यायचा असे घरात ठरले आहे. कोणत्या महिन्यात केले तर आतल्या अळ्या वाचतील?

कीडामुंगी
कोणत्याच नाही. वरच्या पिढीचे काम संपले तरी आत पुढची पिढी अळीच्या रूपात असते. लिंपायचेच असेल तर भोके असलेला भाग सोडून बाकीचा लिंपा.

कोकणी_मेवा
आणि त्या भागावर वरून पत्र्याची किंवा कौलांची एक वितेची झाप काढा. माती कोरडी राहिली तर कठडा ढासळणार नाही, त्यामुळे घरच्यांचीही तक्रार राहणार नाही.

परसदार
कौले घरात पडून आहेत. गवंड्याला उद्या बोलावले आहे. त्याला भोके दाखवून खडूने रेघ मारून ठेवते.